मदत हवी आहे : नागपुरात चांगला समुपदेशक कोणी सुचवेल का?
नमस्कार. मी मानेवाड्याला राहते, नोकरी मिहानमध्ये. सहा महिन्यांपासून झोप उडालीय, नवऱ्याशी बोलणं म्हणजे वादच. ऑफिसात साधा मेल चारदा वाचून पाठवते, तरी आपलंच चुकलं असेल असं वाटत राहतं.

एका समुपदेशकाकडे दोनदा गेले. मी रडत होते, ते घड्याळ बघत होते. वर सल्ला काय, "ॲडजस्ट करा." तो तर आई फुकट देते! १४४१६ वर टेली-मानसला (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) फोन केला, तिथल्या ताई नीट बोलल्या. पण मला दर आठवड्याला समोर बसून बोलायचंय.

धरमपेठ, प्रतापनगरकडे कोणी माहीत आहे का? क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी बघता येते, समुपदेशकाचं काय बघायचं? आणि नवऱ्याला सोबत नेऊ की आधी एकटीच जाऊ?