प्रति: सर्व्हरला वेगळा बॅकअप हवाच का?
सर्व्हरच्या दोन डिस्क मिरर केल्यात (एकीवर जे होतं ते लगेच दुसरीवरही होतं), रोज रात्री नॅसवर, म्हणजे नेटवर्कवरच्या स्टोरेजच्या डब्यावर, कॉपी जाते, मग अजून काय हवं, असं वर विचारलंय. मिररिंग म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून डिलीट केलेली फाइल दोन्ही डिस्कवरून एकदमच जाते. आणि नॅस कायम ड्राइव्ह म्हणून जोडलेला असेल, तर रॅन्समवेअर, म्हणजे फाइली लॉक करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर, त्यावरच्या फाइलीही लॉक करतं. आमच्याकडे हेच झालं. टॅलीच्या (हिशोबाच्या सॉफ्टवेअरच्या) फोल्डरमधल्या झाडून सगळ्या फाइलींना भलतंच एक्स्टेन्शन! वाचवलं ते अकाउंटंट ताईंच्या कपाटातल्या यूएसबी डिस्कने, तीही ९ दिवस जुनी. तेवढ्या दिवसांची बिलं कागदांवरून पुन्हा भरली. आता दोन डिस्क आलटून पालटून वापरतो, एक कायम ऑफिसबाहेर. महिन्यातून एकदा दुसऱ्या पीसीवर बॅकअप रिस्टोर करून टॅलीतलं शेवटचं व्हाउचर (नोंद) दिसतंय का, ते मात्र नक्की बघा.