मदत हवी आहे : रुग्णसाहित्य केंद्रासाठी कूपन काढून सोडत घेता येईल का? नाहीतर दुसरा कोणता मार्ग?

नमस्कार मंडळी,

यावल तालुक्यातल्या आमच्या गावात एक छोटं रुग्णसाहित्य केंद्र आहे. न्यास नोंदणीकृत आहे, 80जी (देणगीदाराला प्राप्तिकरात वजावट देणारी मान्यता) आहे, मी खजिनदार आहे. पलंग, वॉकर, कुबड्या, व्हीलचेअर, कमोडची खुर्ची, एअर बेड, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर अशा वस्तू आम्ही अनामत घेऊन देतो. भाडं घेत नाही. वस्तू परत आली की अनामतही परत. ज्याच्याकडे अनामतीला पैसे नाहीत त्याला गावातल्या कुणा ओळखीच्याच्या शब्दावर देतो, आणि आजवर असा शब्द कुणी मोडलेला नाही.

नवीन वस्तू मिळवायला आम्हाला फार अडचण येत नाही. कुणी वडिलांच्या स्मरणार्थ पलंग देतं, कुणी आईच्या नावाने व्हीलचेअर देतं, त्यावर नाव रंगवून घेतं. अडचण आहे ती दुरुस्तीची. "कै. अमुक यांच्या स्मरणार्थ एअर बेडचा पंप दुरुस्त केला" अशी पाटी कोण लावणार? त्यामुळे दुरुस्तीला देणगी मागितली की लोक म्हणतात, ताई, त्यापेक्षा नवीनच सांगा ना.

कॉन्सन्ट्रेटरचं उदाहरण देते. त्याच्या आत झिओलाइटचे दाणे भरलेल्या दोन नळ्या असतात. ते दाणे हवेतला नायट्रोजन धरून ठेवतात आणि ऑक्सिजन पुढे जातो. मशीन पावसाळाभर बंद पडून राहिलं तर दाणे ओल धरतात. मग समोरच्या काचेत तरंगणारी गोळी पाच लिटरवर दिसते, मशीन घरघरतं, नळीतून हवाही येते, पण तिच्यात ऑक्सिजन कमी असतो. नातेवाईकांना काही कळत नाही. म्हातारा माणूस रात्रभर उशीला टेकून बसलेला असतो आणि घरचे म्हणतात, मशीन तर चालू आहे. म्हणून प्रत्येक मशीन परत आलं की ऑक्सिजनचं प्रमाण मोजायचं यंत्र लावून बघायला हवं, फिल्टर बदलायला हवेत, गरज पडली तर दाण्यांच्या नळ्याही बदलायला हव्यात. यासाठी दर महिन्याला थोडा पण नक्की येणारा पैसा लागतो. एकदम आलेले पन्नास हजार त्याला उपयोगाचे नाहीत, ते पुन्हा नवीन मशीनमध्येच जातात.

आता मूळ प्रश्न. मागच्या बैठकीत आमच्या अप्पांनी (अध्यक्ष) सुचवलं की आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) कूपन काढू. 100 रुपयांचं एक, 2,000 कूपनं, पहिलं बक्षीस स्कूटी. दुसरं सायकल, तिसरं मिक्सर, शिवाय प्रेशर कुकर उत्तेजनार्थ. सगळ्यांना पटलं, कारण असे ड्रॉ आजूबाजूला होतातच. मी हिशेब मांडला : सगळी कूपनं खपली तर 2 लाख, त्यातली निम्म्याहून जास्त रक्कम स्कूटी, बाकीची बक्षिसं, छपाई आणि मांडव यांतच जाते. आणि कूपनं खपवणार कोण? शाळेतली पोरं, अंगणवाडीतल्या ताया, केळीच्या बागेत घड वाहणारे मजूर. त्यांना नाही म्हणता येत नाही. मला हे मनापासून पटत नाही, पण माझ्या न पटण्याला बैठकीत वजन नाही. म्हणून कायद्याचं बघायला लागले.

भारतीय न्याय संहितेचं कलम 297 (आधी भारतीय दंड विधानात हेच कलम 294-अ होतं) सांगतं की राज्याची किंवा राज्य शासनाने परवानगी दिलेली नसेल अशा लॉटरीचं कार्यालय चालवलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. तिची जाहिरात केली तरी 5,000 रुपयांपर्यंत दंड. अप्पा म्हणतात, "आपण कुठे लॉटरी काढतोय? देणगीची पावती फाडायची, पावतीवर नंबर असतोच, त्या नंबरांची चिठ्ठी लहान मुलाच्या हातून काढायची." हे कायद्यात बसतं का?

दुसरं असं की, ब्रिटनमध्ये नगरपालिका स्थानिक संस्थांसाठी लॉटरी चालवतात असं वाचलं. प्रत्येक संस्थेचा वाटा वेगळा, तिकीट घेणारा स्वतः संस्था निवडतो. मला त्यातलं "दर आठवड्याला थोडंथोडं, आणि आपल्याच गावातल्या संस्थेला" हे फार आवडलं. आपल्याकडे तसंच्या तसं होणार नाही हे दिसतंच आहे. पण सोडत वगळून तेवढाच भाग उचलता येईल का? कुणी केलंय का? खानदेशातला अनुभव असेल तर आधी तो सांगा, कारण पुण्या-मुंबईचे उपाय आमच्याकडे चालतातच असं नाही. इथे घरात पैसा कापूस विकला की येतो, केळी कापली की येतो, नोकरदारांची घरं थोडीच आहेत.

— सातपुड्याची सावली

---

पांझराकाठ :

ताई, मी धुळ्याला वकिली करतो. अप्पांना माझा नमस्कार सांगा आणि हेही सांगा की पावतीचं नाव बदलून काही होत नाही. पैसे दिले, त्याबदल्यात बक्षिसाची संधी मिळाली आणि ते कुणाला मिळणार हे चिठ्ठीवर ठरलं, या तीन गोष्टी एकत्र आल्या की ती लॉटरी. त्याला देणगी म्हणा, कूपन म्हणा, भाग्यवान सभासद योजना म्हणा. तिन्हींपैकी एक काढून टाकलं तरच मामला बदलतो.

लोकांना वाटतं धर्मादाय काम असलं की सगळं चालतं. तसं नाही. 1998 चा केंद्राचा लॉटरी (विनियमन) अधिनियम फक्त राज्य सरकारांना लॉटरी काढू देतो, तीही अटी घालून : तिकिटं राज्याने छापायची, त्यावर राज्याचं चिन्ह हवं, विक्रीचा पैसा राज्याच्या खात्यात, सोडत राज्यानेच काढायची. महाराष्ट्राची लॉटरी 1969 पासून आहे ती याच चौकटीत. आणि 1999 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेही म्हटलं की सरकारने चालवली म्हणून लॉटरीचं जुगारपण जात नाही. केरळ सरकारने 2011 मध्ये कारुण्य नावाची लॉटरी काढून तिचा पैसा गरीब रुग्णांच्या उपचारांना लावला, तो दाखला अप्पा देतील. पण ते राज्य सरकार आहे, तुम्ही न्यास आहात.

"दर महिन्याला 200 भरा, दर महिन्याला एकाचा नंबर लागेल" अशी योजना कुणी सुचवली तर तिथेही थांबा. 1978 चा इनामी चिठ्ठ्यांवर बंदी घालणारा कायदा आहे, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे. धर्मादाय संस्थेला त्यातून सूट मिळू शकते, पण राज्य शासनाने रिझर्व्ह बँकेशी विचारविनिमय करून तुमची संस्था अधिसूचित केली तर. एका केंद्रासाठी कोण एवढं करणार?

आजूबाजूला ड्रॉ होतात हे खरं. तक्रार होत नाही तोवर होतात. स्कूटी सरपंचाच्या पुतण्याला लागली की तक्रार होते, आणि नोटीस विश्वस्तांच्या नावाने येते. खजिनदार म्हणून पावत्यांवर सही तुमचीच असणार.

अजून एक. 80जीची पावती द्यायची तर ती निखळ देणगी हवी, बक्षिसाच्या आशेने दिलेल्या पैशाला ती देता येत नाही. 2,000 रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीला वजावट नाही. आणि नाव-पत्ता न घेता पैसे गोळा केले तर ती निनावी देणगी. ती एका मर्यादेपुढे गेली (1 लाख किंवा एकूण देणग्यांच्या 5 टक्के, जे जास्त असेल ते) की मर्यादेच्या वरच्या रकमेवर 30 टक्के कर.

---

अमळनेरची लेक :

माझं माहेर अमळनेर, आता बरीच वर्षं इंग्लंडमध्ये बकिंगहॅमशायरला राहते. तुम्ही वाचलंत ती कल्पना आमच्याच भागातली. एल्सबरी व्हेल नावाची इथली जिल्हा परिषद होती, तिने 2015 च्या नोव्हेंबरात "व्हेल लॉटरी" सुरू केली. नंतर ती परिषद 2020 मध्ये मोठ्या परिषदेत विलीन झाली. तिकीट 1 पौंडाचं. त्यातले 50 पेन्स तिकीट घेणाऱ्याने निवडलेल्या संस्थेला, 10 पेन्स सगळ्या संस्थांच्या सामाईक निधीला, 20 पेन्स बक्षिसांना आणि उरलेले 20 चालवण्याच्या खर्चाला. इथल्या 2005 च्या जुगार कायद्यात अशा लॉटऱ्यांना वेगळी जागा आहे. किमान 20 टक्के रक्कम सत्कार्याला गेलीच पाहिजे असं बंधन आहे, बक्षिसालाही वरची मर्यादा आहे. हा पायाच तिकडे नाही, म्हणून नक्कल करायला जाऊ नका.

पण एक सांगते. मी इथे बायकांच्या एका वृद्ध-सेवा गटाबरोबर काम करते. आमच्या तिकीटवाल्यांमध्ये बक्षिसाचं बोलणारं कुणी भेटत नाही. बहुतेकांनी बँकेला एकदा सांगून ठेवलंय, पैसे आपोआप जातात, सोडत कधी झाली तेही त्यांना माहीत नसतं. आमच्या गटाला ज्या दिवशी कळलं की पुढच्या महिन्यात साधारण किती येणार, त्या दिवसापासून आम्ही गाडीच्या डिझेलची चिंता सोडली. ही लॉटरीची करामत नाही, ठरलेल्या तारखेची आहे. तुमच्याकडे यूपीआय ऑटोपे 2020 पासून आहे. ज्यांच्या हातात स्मार्टफोन आहे, विशेषतः गावाबाहेर नोकरीला गेलेली पोरं-पोरी, त्यांना महिना 50 रुपये लावायला सांगा. पुण्यात, सुरतेत, नाशकात तुमच्या गावची किती मुलं असतील! आईबापांनी तुमच्याच केंद्रातला पलंग वापरलेला असेल तर ती नाही म्हणायची नाहीत.

आणि पैसे कशाला गेले ते त्यांना दाखवा. "या महिन्यात तुमच्या पैशातून एका मशीनचे फिल्टर बदलले" एवढं व्हॉट्सअ‍ॅपवर, जुन्या काळ्या फिल्टरच्या फोटोसकट. पाटीवर नाव नको असतं लोकांना, विश्वास हवा असतो.

---

दादर_भाकर :

ताई, मी शहादा तालुक्यातला शेतकरी. बारा महिने ठराविक पैसा द्यायला शेतकरी बांधला जात नाही हे तुमचं बरोबर. आमच्याकडे केलं ते असं.

एक, सुगीची वर्गणी. दादर (रब्बी ज्वारी) निघाली की घरटी एक पायली. पैसे मागितले तर माणूस विचार करतो, धान्य मागितलं तर बायको आतून सूप भरून आणते. सगळं एकत्र करून बाजार समितीत नेऊन विकायचं आणि मोजमापाची पावती मंदिराच्या फळ्यावर लावायची. तुमच्याकडे रावेर-यावल पट्ट्यात केळी आहे. कापणीच्या दिवशी गाडीमागे एक घड "केंद्राचा" असं बागायतदारांशी ठरवा. घड वेगळा काढून विकायची गरज नाही, व्यापाऱ्याच्या पट्टीतूनच (विक्रीच्या हिशेबातूनच) तेवढी रक्कम वळती करायची.

दोन, सोडतीऐवजी लिलाव. अप्पांना गर्दी हवीय, मांडव हवाय, माइक हवाय, हे समजतं. ते काही वाईट नाही. गणपतीच्या नारळाची बोली लागते तशी लावा. गावातल्यांनी वस्तू द्यायच्या : कुणी गोधडी, कुणी वाळवणाच्या डाळीच्या वड्या, कुणी बैलांच्या झुली, सोनाराने चांदीचं नाणं. जास्त बोलेल त्याची वस्तू. नशिबाचा भागच नाही, त्यामुळे वकीलसाहेबांनी सांगितलेल्या तीन गोष्टींतली एक गळते. आणि ज्याच्याकडे आहे तोच बोलतो, मजुराच्या खिशात हात जात नाही. आमच्याकडे एका आजीच्या गोधडीला दोन भावांनी इतकी चढाओढ केली की शेवटी धाकट्याने माघार घेतली आणि तेवढेच पैसे तसेच देऊन टाकले.

---

सातपुड्याची सावली :

तिघांनाही मनापासून धन्यवाद. पांझराकाठ दादा, तुमचं उत्तर छापून बैठकीत वाचून दाखवलं. अप्पा थोडा वेळ गप्प होते, मग म्हणाले, "मग नारळ ठेवा पहिला लिलावाला." म्हणजे आखाजीचा मांडव राहिला, स्कूटी गेली. मला यापेक्षा जास्त काही नको होतं.

केळीच्या पट्टीतून रक्कम वळती करायची कल्पना आमच्या दोन बागायतदारांना लगेच पटली. एकाने विचारलं की व्यापारी कापतील पण आपल्यापर्यंत पोचवतील का, म्हणून पावतीपुस्तक व्यापाऱ्याकडे न ठेवता बागायतदाराकडेच ठेवायचं ठरतंय.

आता दोनच शंका उरल्यात. लिलावात बोली लावणाऱ्याला 80जीची पावती द्यायची का? आणि ज्यांनी गोधडी, नाणं दिलं त्यांना?

---

पांझराकाठ :

दोघांनाही नाही. वस्तू देणाऱ्याला आभारपत्र द्या, कारण 80जी फक्त पैशाच्या देणगीला आहे, वस्तूला नाही. बोली लावणाऱ्याला लिलावाची साधी पावती, वस्तूचं नाव आणि रक्कम लिहून. धाकट्या भावासारखं कुणी वस्तू न घेता पैसे दिले तर ती देणगी, तिला पावती द्या, रोख 2,000 च्या वर असेल तर चेक किंवा यूपीआय सांगा. लिलावाचं उत्पन्न हिशेबात वेगळ्या शीर्षाखाली ठेवा आणि लेखापरीक्षकाला आधीच दाखवून घ्या, मार्चमध्ये धावपळ नको. आणि दुरुस्ती निधी असा स्वतंत्र ठराव विश्वस्तांच्या बैठकीत करून इतिवृत्तात घ्या, नाहीतर पुढच्या वर्षी कुणीतरी म्हणेल, पैसे आहेत तर नवीन पलंग घेऊ.

---

सातपुड्याची सावली :

ठराव या महिन्याच्या बैठकीतच घेते. अमळनेरच्या ताई, बाहेरगावच्या पोरांना पाठवायचा ऑटोपेचा मजकूर कुणी आधी वापरलेला असेल तर इथे टाका ना. साध्या मराठीत हवा, चार ओळींचा, आणि "कधीही बंद करता येतं" हे त्यात पहिल्या ओळीत असावं.