'बाळंतपण करणे', ओली बाळंतीण आणि बाळंतशेपा

ओसरी : 'ती बाळंत झाली' आणि 'आईने तिचं बाळंतपण केलं' यांत क्रिया कोणाची? 'ओली बाळंतीण' नेमकी किती दिवस म्हणायची? आणि वाण्याच्या यादीतला बाळंतशेपा म्हणजे बडीशेपच का?

माजघर : बाळंत होते ती बाळंतीण, बाळंतपण करते ती दुसरी. 'सुईणीने बाळंतपण केलं' म्हटलं की प्रसूती समजायची, आणि 'आईने केलं' म्हटलं की पुढचा सव्वा महिना. त्यात मालीश, न्हाणं, शेक, पथ्याचं जेवण, दुपटी धुणं, रात्री बाळ घेऊन बसणं सगळं येतं. थोरल्या बायका 'तिची दोन बाळंतपणं काढली' असंही म्हणतात. आपल्या भाषेने या कामाला स्वतंत्र क्रियापद दिलं आहे. म्हणून 'बाळंतपण झालं' एवढ्यावर थांबू नये, कोणी केलं तेही लिहावं.

उंबर : 'ओली' साधारण पहिल्या दहा दिवसांची, म्हणजे सुवेर (बाळाच्या जन्मामुळे पाळायचं सोयर) फिटेपर्यंत. पुढे सव्वा महिन्यापर्यंत नुसती बाळंतीण. शरीराचा क्रमही याच्या जवळपास जातो. अंगावरून पहिले तीन-चार दिवस लाल जातं, मग दहाव्या दिवसाच्या आसपासपर्यंत फिकट तपकिरी, नंतर पिवळसर-पांढरं, तेही सहा आठवड्यांपर्यंत. फिकट झालेलं पुन्हा लालभडक झालं, तासाभरात एक पॅड भिजलं, घाण वास आला किंवा ताप चढला, तर काढा देत बसू नका, दवाखाना गाठा. 'बाळंतिणीला वात झालाय' या एका वाक्याखाली ताप, पायाची सूज, डोकं दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणं असं सगळं झाकलं जातं. तो शब्द वापरताना लक्षणही सांगा.

('अंगावरून जाणं' आणि 'अंगावर पाजणं' यांत गल्लत नको. पहिला स्राव, दुसरं स्तनपान.)

पाणवठा : बाळंतशेपा म्हणजे शेपू भाजीचं बी. चपटं, तपकिरी, कडेला फिकट पापुद्रा, वास उग्र. बडीशेप हिरवट, लांबट आणि गोड. वाण्याकडे नुसतं 'शेप द्या' म्हटलं की बडीशेप हातात पडते, म्हणून पूर्ण शब्द उच्चारावा. जेवणानंतरच्या सुपारीसाठी, म्हणजे मुखवासासाठी, बाळंतशेपा, तीळ आणि किसलेलं सुकं खोबरं समप्रमाणात, ओवा त्याच्या चौथाई, चवीपुरतं शेंदेलोण. प्रत्येक जिन्नस वेगळा, मंद आचेवर भाजायचा. एकत्र भाजलं तर खोबरं करपतं आणि शेपा कच्चा राहतो.

अळीव, हळीव, आहळीव ही एकाच बियांची नावं. लाडवाला पाव वाटी अळीव, पाऊण वाटी नारळपाणी, दोन वाट्या ओलं खोबरं, एक ते सव्वा वाटी गूळ. अळीव दोन तास भिजवायचे. पाणी कमी पडलं तर बी फुलत नाही आणि दातांखाली कचकचतं. गूळ फार आटवला की लाडू दगड होतात. मिश्रण कढईच्या कडा सोडू लागलं की उतरवा. ओलं खोबरं असल्याने दोन दिवसांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका. डिंकाचं उलट. तो कडक तुपात थोडा थोडा टाकून आतपर्यंत फुलला पाहिजे, नाहीतर चिकटून दातांत बसतो. नीट जमलेले डिंकाचे लाडू मात्र टिकतात.

ओसरी : 'शेकशेगडी' हा जोडशब्द अजून चालवावा का?

उंबर : शब्द जरूर, शेगडी नको. बाजेखाली निखारे ठेवून त्यावर ओवा, बाळंतशेपा, लसणीची सालं टाकत. बंद खोलीत कोळशाने विषारी वायू साचतो. त्याला वास नसतो, त्यामुळे कळतही नाही. धूर बाळाच्या फुप्फुसांना सोसत नाही. शेक हवाच असेल तर गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून पाठीला द्या. टाक्यांवर नको. पोट बांधायचं तर सुती कापडाने, खाली दोन बोटं सहज शिरतील इतकं सैल. आवळून बांधलं की दाब खाली ओटीपोटाच्या तळावर येतो, तिथले स्नायू आधीच ताणलेले असतात. सिझेरियननंतर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बांधूच नये.

माजघर : 'चीक' राहिला. पहिलं घट्ट, पिवळसर दूध. 'चीक काढून टाका, बाळाला पचत नाही' हे सांगणं अजून कानावर येतं आणि ते साफ चुकीचं आहे. तो थोडाच येतो, कारण पहिल्या दिवशी बाळाचं पोटही इवलंसंच असतं. जन्मानंतर तासाभरात पाजावं. गाईच्या चिकाचा खरवस हौसेने खायचा आणि आईचा चीक ओतून द्यायचा, याला काय म्हणावं? पान्हा बहुधा तिसऱ्या-चौथ्या दिवशी भरून येतो. तोवर 'दूधच नाही' म्हणून वरचं दूध सुरू करू नका. वारंवार पाजल्यानेच दूध वाढतं, दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा.

ओसरी : मग बाळाला उगाळून चाटवतात त्या गुटीचे 'वेढे' म्हणजे काय?

पाणवठा : सहाणेवर मात्रा, म्हणजे गुटीतला जिन्नस, एकदा गोल फिरवली की एक वेढा, कोणी वळसा म्हणतं. शब्द मापाचा, पण बोट किती जोरात दाबलं यावर उतरणारा अंश बदलतो. जायफळासारख्या गुंगी आणणाऱ्या जिनसाला असं माप धोक्याचं. पहिले सहा महिने अंगावरचं दूधच, गुटी नाही आणि पाणीही नाही.