दोन मोठ्या पक्षांबाहेरच्या उमेदवाराला मत देऊन काही बदलतं का?

एडिसनकरीण: अमेरिकेची नागरिक झाल्यावर अध्यक्षपदासाठी हे पहिलंच मत. टपाली मतपत्रिका तीन दिवस फ्रिजवर चुंबकाखाली लटकतेय. दोन्ही पक्षांचा वीट आलाय. तिसऱ्याला दिलं तर नवरा म्हणतो, पाण्यात गेलं. खरंय?

जुना_खोंड: १९९२ साली मी इथे नवाच होतो. रॉस पेरो हा अपक्ष उमेदवार स्वतःच्या पैशाने टीव्हीवर अर्धा-अर्धा तास विकत घेऊन, हातात छडी धरून, सरकारी तुटीचे तक्ते समजवायचा. थेट आमचे गणिताचे मास्तर! जवळपास १९ टक्के मतं पडली. इलेक्टोरल मतं, म्हणजे राज्यवार मिळणारी, अध्यक्ष ठरवणारी मतं? भोपळा. पण तुटीचा विषय मात्र दोन्ही मोठ्या पक्षांच्या गळ्यात बांधून गेला.

टँपावाली: आणि २००० चं फ्लोरिडा? ग्रीन पार्टीच्या राल्फ नेडरला ९७ हजारांवर मतं, बुश जिंकले अवघ्या ५३७ मतांनी. आमच्याकडे असला प्रयोग नको बाई.

जुना_खोंड: एडिसनकरीण, तुझ्या न्यू जर्सीत कुठे एवढी चुरस? दे बिनधास्त. फक्त मतपत्रिका उलटून बघ, गावातल्या शाळा चालवणाऱ्या स्कूल बोर्डाची निवडणूक मागच्या बाजूला असेल.

एडिसनकरीण: उलटली. सात नावं, एकही ओळखीचं नाही. आणि पोरं त्याच शाळेत जातात माझी!