गोड कॉम्प्युटरवाला आणि ई ड्राइव्हवरचा बॅकअप

पाइपफिटिंगवाला

सांगलीत आमचं पाइप-फिटिंगचं घाऊक दुकान. पाच मशीन. त्यातलं एक 'सर्व्हर', म्हणजे टेबलाखालचा जरा मोठा डबा, त्यावर हिशेबाचं सॉफ्टवेअर टॅली. नऊ वर्षं एकच कॉम्प्युटरवाला. माणूस एकदम गोड. रात्री अकराला फोन उचलणार, लक्ष्मीपूजनाला प्रिंटर अडला तर फराळाचं ताट बाजूला सारून येणार. आमचे वडील त्याला घरचाच समजायचे.

दोन महिन्यांपूर्वी दहा तारखेच्या संध्याकाळी सर्व्हरमधून टक-टक आवाज सुरू झाला. दुसऱ्या दिवशी, ११ तारखेला, जीएसटीआर-१ ची, म्हणजे विक्रीच्या जीएसटी रिटर्नची, शेवटची तारीख. तो आला, म्हणाला, "साहेब, टेन्शन नाही, रोजचा बॅकअप ई ड्राइव्हला पडतोय." टॅलीचा डेटा डी ड्राइव्हवर. डबा उघडल्यावर कळलं की डी आणि ई हे एकाच हार्ड डिस्कचे दोन कप्पे. म्हणजे नोट एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात ठेवली, आणि शर्टच चोरीला गेला.

पुण्याच्या रिकव्हरीवाल्याने ३२ हजार घेतले. फाइली आल्या, टॅली उघडेना. सीएंकडे जुलैपर्यंतची कॉपी होती म्हणून वाचलो. पुढची सगळी बिलं आम्ही चौघांनी बिलबुकं समोर घेऊन पुन्हा मारली. रिटर्न उशिरा गेलं ते वेगळंच.

आता मागे वळून बघतो तर खुणा ढीगभर होत्या. राउटरचा पासवर्ड त्याच्या मोबाइलमध्ये, आमच्याकडे नाही. वेबसाइटचं डोमेन त्याच्या नावावर, त्याच्या जीमेलवर. काहीही बिघडलं की निदान एकच, "व्हायरस आला असेल", आणि औषध एकच, फॉरमॅट. विंडोजचे अपडेट बंद करून ठेवलेले, का तर मशीन स्लो होते. आणि नऊ वर्षांत कागदावर एक ओळ लिहून दिलेली नाही.

मी मात्र तो किती लवकर येतो तेवढंच बघत होतो. सारखं यावं का लागतं, हे कधी विचारलंच नाही. तुम्ही लोक बेभरवशाचा माणूस कशावरून ओळखता?

स्क्रूड्रायव्हर

नाशिकमध्ये सतरा वर्षं हेच काम करतो, म्हणून राहवलं नाही. दादा, सगळं लिहिलंत, एक आकडा राहिला. एएमसी, म्हणजे वर्षाच्या देखभालीचे, किती देत होता?

पाइपफिटिंगवाला

वर्षाला ६ हजार. पार्ट वेगळे.

स्क्रूड्रायव्हर

म्हणजे महिन्याला ५००. मशीनमागे १००. एवढ्यात तो लक्ष्मीपूजनाला येत होता आणि तुम्हाला तो आता बेभरवशाचा वाटतो.

आमची बाजू ऐका. बाहेरची हार्ड डिस्क घ्या म्हटलं की "पुढच्या महिन्यात बघू". लायसनवालं विंडोज घ्या म्हटलं की "शेजारच्याला ५०० रुपयांत मारून दिलंय". त्या चोरीच्या विंडोजच्या क्रॅकसाठी आधी अँटीव्हायरस बंद करावा लागतो, मग व्हायरस आला की आम्हालाच फोन. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, हे मी ज्या ज्या गिऱ्हाईकाला सांगितलं त्याने विचारलं, "पण चालतंय ना?"

आणि सगळ्यात भारी मागणी: "मला घरून टॅली दिसली पाहिजे." व्हीपीएनचा, म्हणजे सुरक्षित खाजगी जोडणीचा, खर्च नको. मग राउटरमध्ये रिमोट डेस्कटॉपचा (दुरून मशीन चालवायचा) पोर्ट सरळ इंटरनेटला उघडा करून द्यायचा. रॅन्समवेअरवाले, म्हणजे फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणारे, असले उघडे दरवाजे दिवसरात्र ठोठावत फिरत असतात. मी नाही म्हटलं की दुसरा येऊन दहा मिनिटांत करून देतो आणि पुढच्या वर्षीची एएमसी त्याची. बेभरवशाचा मालक कसा ओळखावा, याचाही धागा काढा कुणीतरी.

पाइपफिटिंगवाला

पैसे कमी होते, मान्य. पण त्याने कधी तोंड उघडलं का? "साहेब, डी आणि ई एकच डिस्क आहे, बाहेरची घ्या" असं बोलायला पैसे पडत नाहीत. तो बोलला असता आणि मी टाळलं असतं तर हा धागा मी माझ्यावरच काढला असता. तो तर वर "टेन्शन नाही" म्हणत होता.

नोंदवही

मी सोलापुरात सीएंच्या ऑफिसात आहे. आम्हाला क्लायंटचा कॉम्प्युटरवाला त्याने न दिलेल्या उत्तरांवरूनच कळतो. "कधीचा बॅकअप आहे?" विचारलं की एक जण "कालचा, रात्री साडेनऊचा" सांगतो, दुसरा "आहे ना मॅडम" म्हणतो. दुसऱ्याकडे नसतो.

एक अनुभव सांगते. चादरीच्या एका व्यापाऱ्याकडे सकाळी एकही फाइल उघडेना. नावांपुढे विचित्र अक्षरं चिकटलेली, डेस्कटॉपवर खंडणीची चिठ्ठी. त्यांच्या माणसाने काय करावं? नेटवर्कची वायर काढणं, चिठ्ठीचा फोटो घेणं, कुणाला विचारणं, काही नाही. तडक फॉरमॅट! चिठ्ठी गेली, लॉग (मशीनमधल्या नोंदी) गेले, फाइली गेल्या. कुठल्या जातीचं रॅन्समवेअर होतं हेसुद्धा कळायची सोय राहिली नाही. काही जातींची कुलपं उघडणारी साधनं फुकट मिळतात, पण आधी जात तर कळायला हवी. शिवाय अशा घटना ६ तासांत कळवायच्या, हा सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेचा एप्रिल २०२२ चा निर्देश. तो त्याला माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता.

अपडेट बंद ठेवणाऱ्यांना तर माझी हात जोडून विनंती आहे. वॉनाक्राय हे रॅन्समवेअर १२ मे २०१७ ला पसरलं. त्याने ज्या भोकातून शिरकाव केला ते बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. तोवर दोन महिने हातात होते.

स्क्रूड्रायव्हर दादा, १०० रुपयांत तुम्ही काय काय करणार, हे पटतं. पण "तुमचं एवढंच बजेट असेल तर एवढंच होईल, बाकी जोखीम तुमची" असं व्हॉट्सॲपवर लिहून का देत नाही? ते फुकट आहे.

हिंजवडीकर

एकट्या माणसावर धंदा ठेवणं हीच मूळ चूक. तो आजारी पडला तर? रीतसर कंपनीशी करार करा. तिकीट (तक्रारीची नोंद), ठरलेला वेळ, दर महिन्याला रिपोर्ट. बॅकअप क्लाउडवर. विषय संपला.

पाइपफिटिंगवाला

विषय मार्केट यार्डात यायच्या आधीच संपवलात! मध्यंतरी एका कंपनीला विचारलं होतं. आमच्या प्रिंटरचं तिकीट "रिझॉल्व्ह" झाल्याचा ईमेल आला, प्रिंटर तसाच लाल दिवा लावून बसलेला.

स्क्रूड्रायव्हर

हिंजवडीकर साहेब, मेर्स्क ही जगातली बडी जहाज कंपनी. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या हा मशीन नासवणारा व्हायरस आला आणि तिची हजारो मशीन बसली. आपल्या जेएनपीटीतलं त्यांचं टर्मिनलसुद्धा ठप्प झालं. सगळ्या नेटवर्कचा नकाशा ज्या डोमेन कंट्रोलरांवर असतो ते जगभर पुसले गेले, एक सोडून. तो घानाच्या ऑफिसातला, कारण त्या वेळी तिथली लाइट गेली होती! करार, रिपोर्ट, तिकीट सगळं होतं त्यांच्याकडे.

नोंदवही

दादा, हे उदाहरण तुमच्याच अंगावर येतंय. डोमेन कंट्रोलरची वेगळी काढून ठेवलेली कॉपी नव्हती, म्हणून लाइट जाण्यावर वेळ आली. एकटा असो की कंपनी, विचारायचा प्रश्न तोच: परत आणून दाखवलंय का कधी?

हिंजवडीकर

मग क्लाउडच तर म्हणतोय मी.

स्क्रूड्रायव्हर

क्लाउडवर सिंक होणारं फोल्डर ठेवलं तर कुलूप लागलेल्या फाइलीही इमानदारीत वर जातात. जुन्या आवृत्त्या ठेवायची सोय चालू आहे का ते बघा आधी. मी गिऱ्हाईकाला दोन डिस्क घ्यायला लावतो. एक लावलेली, एक मालकाच्या घरी कपाटात, दर शनिवारी अदलाबदल. दिसायला गावठी आहे, पण वायर काढलेल्या डिस्कपर्यंत कुठला व्हायरस पोचत नाही.

पाइपफिटिंगवाला

कपाटाची आयडिया उचलली. आता पुढचं ऐका. नवीन माणूस ठेवलाय, वर्षाला १८ हजार. डोमेन आणि राउटर आमच्या नावावर करून घेतले, पासवर्ड लाल वहीत, वही तिजोरीत. मंगळवारी दुपारी त्याला सहज म्हटलं, "मागच्या शुक्रवारचा डेटा बायकोच्या लॅपटॉपवर उघडून दाखव." चहा झाला, टॅली उघडली, कंपनीचं नाव आलं, मला बरं वाटलं. डे-बुक खाली नेलं तर शेवटची एंट्री १९ दिवसांपूर्वीची.

माणूस घामाघूम. स्वतःच म्हणाला, "साहेब, बॅकअपची डिस्क भरली होती, मेसेज येत होता, मी बघितला नाही. चूक माझी आहे." तिथेच बसून दुरुस्त केलं, पुन्हा उघडून दाखवलं. या वेळी सोमवार संध्याकाळपर्यंतच्या एंट्री होत्या.

ठेवू का काढू?

स्क्रूड्रायव्हर

स्वतः बोलला ना? ठेवा.

नोंदवही

१९ दिवस मेसेज येत होता, दादा. आणि तुम्ही विचारलं नसतं तर?

पाइपफिटिंगवाला

तेच घरात चाललंय. वडील म्हणतात, जुना बरा होता, फोन तरी उचलायचा.