पेलेट ग्रिलला थंड धुराची जोड देताना

पेलेट ग्रिलवर (लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या गोळ्या, म्हणजे पेलेट, जाळणाऱ्या ग्रिलवर) धुराचा स्वाद फिका उतरतो, म्हणून बाहेरून थंड धूर (पदार्थ न शिजवता फक्त स्वाद देणारा धूर) देणारे उपकरण जोडावे का, या प्रश्नाला माझे उत्तर ठाम होकारार्थी आहे. ग्रिलचा पंखा ज्वलनाला भरपूर हवा पुरवतो, त्यामुळे तापमान वाढवले की पेलेट जवळजवळ पूर्ण जळतात आणि धूर विरळ होतो. वेगळ्या डब्यात लाकूड धुमसत ठेवले, तर धूर आणि उष्णता स्वतंत्रपणे नियंत्रित करता येतात, आणि या जोडणीचा खरा लाभ हाच आहे.

मात्र पंखा चालू असताना ग्रिलच्या आत हवेचा दाब किंचित जास्त असतो, त्यामुळे केवळ नैसर्गिक ओढीवर (गरम हवा आपोआप वर जाण्यावर) चालणाऱ्या डब्यात धूर उलटा फिरू शकतो. मत्स्यालयात वापरतात तसा छोटा हवेचा पंप असलेली रचना (मला तीच अधिक भरवशाची वाटते) धूर आत ढकलते. जोडनळी धातूचीच असावी. तिच्यात डांबरासारखा चिकट थर साचतो; तो वेळोवेळी खरवडला नाही, तर पदार्थाला कडवटपणा येतो.

चीजला धूर देताना ग्रिल पेटवू नये, धुराडे उघडे ठेवावे आणि आतील तापमान ३० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ देऊ नये. मांस किंवा मासे असतील, तर ते आधी मीठ आणि आवश्यक तेथे नायट्राइट (मांस टिकवण्यासाठीचा क्षार) मोजून घालून मुरवणे अनिवार्य आहे, कारण ४ ते ६० अंशांदरम्यान जिवाणू झपाट्याने वाढतात आणि थंड धुराने पदार्थ शिजत नाही.