दोन दिवसांचं प्रशिक्षण, चार वर्ग आणि मुख्यालय

खडूफळा (बीड):
अपंग लेकरांना नेहमीच्याच वर्गात शिकवायचं, म्हणजे समावेशन, यावर काल 'वास्तववादी मास्तर' यांनी इथं लिहिलं, "समावेशन म्हणजे आमच्या डोक्यावर आणखी एक ओझं. दोन दिवसांच्या प्रशिक्षणानं कोणी डॉक्टर होत नसतो. अशी मुलं विशेष शाळेत पाठवा, आम्हाला शिकवू द्या." खाली अंगठ्यांची रांग. डोक्यातून जाईना, म्हणून लिहितोय. लांबेल.

प्रशिक्षणं रटाळ असतात, मान्य. शिक्षकांचं 'निष्ठा' प्रशिक्षण ऑनलाइन झालं तेव्हा व्हिडिओ चालू ठेवून मोबाइल चार्जिंगला लावणारे सगळ्यांना ठाऊक आहेत. शेवटी चाचणीत 70 टक्के पडले की प्रमाणपत्र. पण प्रशिक्षण वाईट म्हणून लेकरं बाहेर काढायची? 2016 च्या कायद्यात अपंगत्वाचे 21 प्रकार आहेत. त्यातली अध्ययन अक्षमता, म्हणजे वाचन-लेखन-गणितातली अडचण, चेहऱ्यावर दिसत नाही. कोणाला वेचून काढणार? आणि पाटोद्याच्या डोंगरातल्या वाडीवरून रोज कोणत्या विशेष शाळेत धाडणार?

आमच्याकडं पाचवीत एक पोरगा होता. मराठीच्या बाईंना पटापट उत्तरं द्यायचा, गणिताच्या तासाला मुका. गणिताचे सर म्हणायचे, माजलाय. एकदा मधल्या सुट्टीत दोघं शिक्षक बोलत बसले तेव्हा लक्षात आलं, बाई खिडकीच्या अंगानं उभ्या राहतात, सर दाराच्या. पोराला एका कानानं ऐकू येत नव्हतं. जागा बदलली, तपासणीला पाठवला. हे कोणत्याही पीपीटीत नव्हतं.

केंद्राची, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटाची, शिक्षण परिषद दर महिन्याला होते. तिथं परिपत्रकं वाचण्याऐवजी एक तास एकेका लेकरावर बोला. माझं म्हणणं एवढंच.

वास्तववादी मास्तर (परभणी):
छान गोष्ट. तुमच्या शाळेत मराठीला बाई आणि गणिताला सर वेगळे आहेत, अभिनंदन. आमची द्विशिक्षकी. 60 पटापर्यंत कायद्यानं दोनच शिक्षक, वर्ग चार. त्यातला एक बीएलओच्या, म्हणजे मतदार यादीच्या, कामावर. सहकार्य कोणाशी करू, फळ्याशी?

एक पालक (जालना):
मास्तर, माझी मुलगी तुमच्या त्या 'अशी मुलं'मधली. वाचताना ओळ सुटते, 'ब' आणि 'व' मध्ये गोंधळते. चौथीपर्यंत दरवर्षी एकच उत्तर, 'घरी अभ्यास घ्या'. घरी घेतला, रडारड झाली, मारही दिला. सातवीत एका नव्या मॅडमनी तोंडी विचारून बघितलं, सगळं येत होतं. मग प्रमाणपत्रासाठी चकरा. दहावीला वाढीव वेळ मिळते हे शाळेच्या ऑफिसात कोणाला माहीत नव्हतं, मीच सांगितलं. डॉक्टर व्हा असं कोण म्हणतंय? तोंडी विचारायला डॉक्टर लागतो का?

फिरती (विशेष शिक्षिका):
दोघांनाही राग येईल असं बोलते. सर्वोच्च न्यायालयानं 2021 मध्ये सांगितलं, प्राथमिकला अशा दहा मुलांमागं एक विशेष शिक्षक. 2024 ला राज्यानं पदं मंजूर केली 4860, म्हणजे केंद्राला एक. एका केंद्रात शाळा किती, मोजा. महिन्यातून एकदा मी पोचते, तर वर्गशिक्षक हाक मारतात, "मॅडम, तुमचं लेकरू आलंय बघा." माझं? तुमच्या हजेरीपटावर आहे ना ते! वर्षानुवर्षं कंत्राटावर काढली, पण लेकरू कंत्राटी नसतं.

वाडीकर:
सगळं खरं, पण लेकराला मास्तर दिसला तर पाहिजे. आमच्याकडचे गुरुजी संभाजीनगरहून अप-डाऊन करायलेत. जीप उशिरा, आले की घड्याळाकडं नजर. आईबाप उसाला गेलेलं पोरगं संध्याकाळी कोणापाशी मन मोकळं करंल? 2022 ला गंगापूरच्या आमदारांनी विधानसभेत हेच विचारलं तर शिक्षकांनी मोर्चे काढले.

वास्तववादी मास्तर:
आलं, मुख्यालय आलं, शाळेच्या गावातच राहायचं! अहो, गावात संडास असलेली एक खोली भाड्यानं दाखवा. उद्या सामान टाकतो.

वाडीकर:
खोली नाही तर घरभाडं कशाचं उचलता?

वास्तववादी मास्तर:
आणि राहतो म्हणून ग्रामसभेचा ठराव कोण देतं? तुमचाच सरपंच. त्याला विचारा.

वाडीकर:
सरपंच काय करंल, त्याचं पोरगं लातूरला शिकवणीला. गावच्या शाळेचं त्याला काय पडलंय.

एक पालक (जालना):
लातूरचं नाव काढलंच आहे तर, त्या मार्कांच्या शर्यतीत लेकरांच्या मनाचं काय होतं त्यावर कोण बोलणार?

वास्तववादी मास्तर:
ताई, त्याचा वेगळा धागा काढा. घरभाडं हा वेतनाचा भाग आहे, उपकार नाही. पत्नी शहरात नोकरीला, आई आजारी. मी कुठं राहावं हे गावानं ठरवायचं?

वाडीकर:
मग लेकरांनी काय ठरवायचं, तेवढं सांगा.

खडूफळा:
थांबा दोघंही. सगळी उत्तरं मुख्यालयावरच चाललीत. वाडीकर, मी गावात राहतो आणि तरी सांगतो, नुसतं राहून भागत नाही. दिवाळीनंतर आमच्या वर्गातली निम्मी लेकरं कारखान्यावर जातात, मार्च-एप्रिलला परततात. तिकडच्या शाळेत बसता यावं म्हणून दिलेलं शिक्षण हमी पत्र हातात असतं, पण तिकडच्या शाळेत पोरगं बोललं की गप्प बसलं, काय शिकलं, ते त्यात नसतं. दोन शाळांतल्या मास्तरांनी एक फोन केला तरी पुष्कळ. त्याला खोली लागत नाही, निधीही नाही.

फिरती:
फोन करायला नंबर तरी असू द्या. केंद्रप्रमुखांकडं मागितला तर म्हणाले, 'लेखी अर्ज करा'.

वास्तववादी मास्तर:
बरं, कानाचा मुद्दा घेतला. आमच्या तिसरीत एक मुलगी आहे, बोलतच नाही. विशेष शाळा म्हणालो ते तिच्याचसाठी. ते वाक्य मागं घेत नाही. पण शनिवारी परिषद आहे, तिथं तिचं नाव घेतो. मध्येच कोणी 'तातडीची माहिती भरा' म्हणून लिंक टाकली तर उठून जाणार.

खडूफळा:
एवढं पुरे. फिरती मॅडम, तुम्हीही या.

फिरती:
शनिवारी मला दुसऱ्या तालुक्यात शिबिर लावलंय. फोनवर घ्या.

वाडीकर:
परिषद कितीला? साडेदहाची असंल तर आमच्या गुरुजींची जीप अकराला येती, तेवढं इतिवृत्तात लिहा.